एकसष्ट नंबरचा चौकोन

गेल्या महिन्यात बुआखाय मावशी गेली. अंत्यसंस्काराला आलेल्यांना वाटायला आमच्याकडे एक छोटी पुस्तिका छापतात. मयताचा फोटो, जन्मगाव, पोरंबाळं, जमलं तर एखादी पाककृती. तिची लेक माली माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ओंगमावशी, दोन पानं तुम्ही लिहा. तुम्हाला लिहिता येतं." मला लिहिता येतं हे लोकांना दोनदाच आठवतं, कुणी मेलं की आणि नगरपालिकेची नोटीस आली की. लिहिली दोन पानं. कष्टाळू, मायाळू, विहाराला सढळ हातानं देणारी. सगळं खरं आहे. पण असल्या पानांत माणूस मावत नाही. मावलं नाही ते इथं लिहिते. त्यात माझी एक चूक आहे, तीही लिहिते, कारण ती माझ्यावाचून दुसरं कुणी लिहिणार नाही.

ओंग म्हणजे पाण्याचा रांजण. लहानपणी मी तशीच होते, म्हणून नाव चिकटलं. बाप वारल्यावर बर्फाची ढकलगाडी माझ्याकडे आली. भाताच्या तुसात गाडलेल्या लाद्या, एक करवत, एक लोखंडी आकडा. शाळा चौथीतच सुटली होती. कायदा मी पुढं कचेऱ्यांच्या बाकड्यांवर बसून शिकले, आणि भांडण तर मला पोटातूनच येत होतं. आमचं नोंग मेक रेल्वेच्या कडेचं लहान गाव. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर विलायती शिरिषाची रांग होती आणि त्या झाडांखाली रोज चार वाजल्यापासून खाण्याच्या गाड्या लागायच्या. प्रत्येकीला बर्फ लागतो, त्यामुळे मला प्रत्येकीच्या घरातलं ठाऊक.

आज त्या जागी मोटारी उभ्या करतात. झाडंही तोडली. तिथनं जाताना मी मान दुसरीकडे वळवते. म्हातारपण आलंय, पण त्या रस्त्यावर रडताना कुणी पाहावं इतकं नाही.

काय संध्याकाळ असायची ती! साडेपाचची पॅसेंजर आली की माणसं थेट फलाटावरून नाकाच्या मागं मागं यायची. एकीकडे कढईत शिंपल्यांचं आमलेट चरचरतंय, पुढं नूडल्सवाल्याच्या पातेल्याचं झाकण वाफेनं उडतंय, नारळाच्या दुधाचे इवले आप्पे मातीच्या साच्यातून पळीनं निघतायत, आणि ह्या सगळ्यावर, ह्या सगळ्यांना दाबून, बुआखाय मावशीच्या कोंबडीचा वास. सहा वाजता स्टेशनच्या भोंग्यावर राष्ट्रगीत लागायचं आणि अख्खा रस्ता जागच्या जागी उभा राहायचा. मुसळ हवेत, पळी हवेत, तोंडातला घास तोंडात. आवाज एकच, चरबी निखाऱ्यावर पडल्याचा. मावशीकडे घड्याळ नव्हतं. पण सहाला मिनिटभर असताना ती कोंबड्या धरलेल्या सगळ्या बांबूच्या काड्या उलट्या करून मोकळी व्हायची. राष्ट्रगीतात तिची कोंबडी करपली असं कधीही झालं नाही.

कोंबडी ती पोटातून चिरून सपाट करायची, चिरलेल्या बांबूत दाबून धरायची आणि वरचं टोक बांबूच्याच सालीनं आवळायची. लावायला लसूण, पांढरी मिरी, कोथिंबिरीची मुळं, गवती चहाचे बुंधे, माशाचं खारं पाणी. सकाळी लावलेलं संध्याकाळपर्यंत मुरायचं. निखारा चिंचेच्या लाकडाचा, तोही राखेखाली झोपवलेला. कुणी पंखा मारायला सांगितलं तर म्हणायची, "घाई तुमच्या पोटाला आहे बाबा, माझ्या कोंबडीला नाही." दीड तास लागायचा. मग चिंचेच्या ओंडक्यावर सुरा पडायचा, खट् खट् खट्, आणि साल फुटल्याचा आवाज पलीकडच्या रिक्षावाल्यांना ऐकू जायचा.

पण नुसती कोंबडी कोण खातं? कोंबडीला शेजार लागतो. आमच्याकडे बसायचं एकीच्या टेबलावर आणि खायचं अख्ख्या रस्त्याचं, अशीच रीत. टेबलं होती थोंगसुक मावशीची. ती शेजारच्या गाडीवर सोमतम कुटायची. कच्च्या पपईचा कीस, मिरच्या, लिंबू, शेतातला बारका खेकडा आणि आंबवलेल्या माशाचं ते काळं पाणी, ज्याच्या वासानं शहरातला माणूस पळतो आणि आमचा माणूस परदेशातून घरी येतो. चिकट भाताचा गोळा बोटांनी वळायचा, पपईच्या रसात बुडवायचा, मग कोंबडीचा तुकडा चिंच-मिरचीच्या चटणीत, मग कोबीचं गार पान, मग परत गोळा. नाकातून पाणी, कानात शिट्ट्या, आणि वरून माझ्या बर्फाचं पाणी घटाघटा. असं जेवलेला माणूस घरी जाऊन बायकोशी भांडू शकत नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

बुआखाय मावशीकडे एकही टेबल नव्हतं. शेगडीच केवढी मोठी! थोंगसुक मावशीकडे सहा टेबलं. हिच्या ताटल्या हिरव्या काठाच्या, तिच्या लाल फुलांच्या. बाजार उठताना दोन्ही ढीग वेगळे व्हायचे आणि आपापल्या घरी जायचे. अठरा वर्षं असं चाललं. त्यातली नऊ वर्षं दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या.

कारण ऐकलंत तर हसाल. एका रेल्वेच्या माणसानं थोंगसुक मावशीला विचारलं होतं, "कोंबडी ताजी आहे ना गं?" ही मूळची थट्टेखोर. म्हणाली, "कालच्यापेक्षा ताजी आहे." टेबलावरची माणसं हसली. बुआखाय मावशी हसली नाही. शिळी कोंबडी विकणं म्हणजे तिच्या लेखी आईला विकणं. तिनं शेगडीवरच्या चौदाच्या चौदा कोंबड्या काढल्या, रूळ ओलांडून गेली आणि स्टेशनच्या कुत्र्यांपुढं टाकल्या. "घ्या रे, कालची आहे!" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी वेळेवर शेगडी पेटवली आणि तोंड बंद. ती बोलत नाही, तर थोंगसुक मावशी कशाला तोंड उघडते?

धंदा मात्र एक दिवस थांबला नाही. थोंगसुक मावशी हवेत ओरडायची, "दोन मांड्या, एक पंख!" आणि बुआखाय मावशी हवेतून ऐकायची. बाकीच्यासाठी मी होते.

"ओंग, तुझ्या त्या मावशीला सांग, धूर माझ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत जातोय."

दोघींत हातभर अंतर. मी बर्फ कापत म्हणायची, "ऐकलंस का मावशी?"

"वाऱ्याला सांग म्हणावं. मी त्याची मालकीण नाही."

"ऐकलंस का थोंगसुकमावशी?"

"मी बहिरी नाही. सांग तिला."

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका, एक शेगडी, एक उखळ. त्यात केवढं काय बांधलेलं होतं ते मला दिसलं नाही. मी न्यायाच्या मागं लागले होते.

त्याचं असं झालं. नगरपालिकेनं ठरवलं की स्टेशनचा रस्ता मोकळा करायचा आणि आम्हाला मोटारतळामागच्या नव्या आवारात न्यायचं. सिमेंटची जमीन, वर पत्रा, खाली पिवळ्या रंगाचे चौसष्ट चौकोन, प्रत्येकाला नंबर. जाणं टळणार नव्हतं, ते मलाही कळत होतं. पण कुजबुज अशी होती की फाटकाजवळचे चौकोन आधीच कुणाकुणाच्या मेव्हण्यांना वाटून झालेत. माझं डोकं फिरलं. आम्ही तीन दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो. नुसतं बसलो नाही. तेरा उखळं नेली होती, आणि साहेब खिडकीशी आले की सगळ्याजणी एकदम कुटायला लागायच्या. तिसऱ्या दिवशी ते आमचं ऐकायला तयार झाले. मागणी माझी होती, चिठ्ठ्या टाका. विहारात, थोरल्या भन्तेंच्या समोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि नियमांतलं कलम पाच तर मी स्वतःच्या हातानं लिहिलं, की ज्याला जो चौकोन मिळेल तो त्यानंच चालवायचा. अदलाबदल नाही, दुसऱ्याला बसवणं नाही, दुसऱ्याच्या चौकोनात बसणं नाही. मोडेल त्याचा चौकोन जप्त. लिहिताना मला मेव्हणे दिसत होते. त्यांना बंद करायला मी दार लावत होते.

विचियान साहेब म्हणून तिथं एक कारकून होता. माझ्यावर त्याचा दात. पण त्यानं कलम पाच वाचलं आणि लगेच मान डोलावली. म्हणाला, "अगदी योग्य आहे ओंगबाई." मला तिथंच शंका यायला हवी होती. जो माणूस तुमचा राग राग करतो तो तुमच्या कागदावर इतक्या चटकन खूश होत नाही.

सरबत प्यायच्या नळ्यांचे तुकडे करून एकेकात चिठ्ठी घातली आणि सगळे तुकडे भिक्षापात्रात टाकले. एकेकजण गुडघ्यावर पुढं जाऊन उचलत होता. थोंगसुक मावशीला आला दोन नंबर, अगदी फाटकाशी. ती एवढी ओरडली की भन्ते हसले. बुआखाय मावशीनं नळी दातानं फोडली, चिठ्ठी उलगडली आणि माझ्या हातात दिली. "डोळ्याला दिसत नाही गं. किती आहे?"

"एकसष्ट," मी म्हणाले.

"कुठं येतं ते?"

"मागं. भिंतीकडे."

"बरं," ती म्हणाली आणि चिठ्ठी पदरात खोचावी तशी कमरेच्या लुंगीत खोचली. "न्यायानं आलं ना? मग बरं."

'न्यायानं' हा शब्द तिचा. मी त्या रात्री छाती फुगवून झोपले.

पहिल्याच संध्याकाळी आवारात जे झालं ते पाहून कुत्रंसुद्धा हसलं असतं. आप्प्यांच्या शेजारी वाळलेली मासळी. नूडल्सवाला नळापासून चाळीस पावलं लांब, तो पातेलं उचलून पळतोय. गोड खाणाऱ्यांना गोड सापडेना, तिखट खाणाऱ्यांना पाणी सापडेना. माणसं हातात भरल्या ताटल्या घेऊन लग्नात चुकलेल्या पाहुण्यांसारखी फिरत होती. ताटल्या तर अशा हरवल्या की महिनाभर एकमेकींवर चोरीचे आळ चालले. स्टेशनसमोर कोण कुणाच्या शेजारी बसणार हे कुणी ठरवलं नव्हतं. वीस वर्षांत लोकांच्या जिभेनं ते ठरवलं होतं, आणि मी ते एका दुपारी नळ्यांत घालून ढवळलं.

सगळ्यात वाईट हाल बुआखाय मावशीचे. एकसष्ट नंबर म्हणजे संडासाच्या वळणानंतरची भिंत. तिकडं पाय वळायचे ते वेगळ्या कामासाठी. फाटकाशी थोंगसुक मावशीची सहा टेबलं गच्च, आणि तीन नंबरची चिठ्ठी लागलेला शहरातला एकजण काचेच्या पेटीत विजेवर गरगर फिरणारी कोंबडी घेऊन बसलेला. पपई खाणाऱ्यांना कोंबडी हवी. साठ चौकोन चालत कोण जातो? ते त्या पेटीतली घ्यायचे. बुआखाय मावशी रोज वीस कोंबड्या भाजायची आणि पंधरा तशाच राहायच्या. दुसऱ्या दिवशी विकायच्या नाहीत हा तिचा नेम, म्हणून त्या सकाळी भिक्षेत जायच्या. विहारातले भिख्खू इतकी कोंबडी खाऊन कंटाळले. एक तरुण भिख्खू मला हळूच म्हणाला, "ताई, त्यांना भाजी भाजता येते का?"

मी गेले तिच्याकडे. "मावशी, दोन टेबलं टाक. मी आणून देते."

"कुठं टाकू? शेगडीवर?"

चौकोनात शेगडी आणि ती, एवढीच जागा होती. "मग कमी कोंबड्या भाज."

"पाच भाजल्या काय नि वीस भाजल्या काय, निखारा तेवढाच लागतो ओंग." मग निखाऱ्यावर राख पसरत ती म्हणाली, "आणि शेजारी तिखट नसेल तर माझ्या कोंबडीची चव कुणाला कळणार? नुसती कोंबडी आजारी माणसं खातात."

मी थोंगसुक मावशीकडे गेले. "तू गिऱ्हाइकं तिकडं पाठव ना."

"पाठवते की. जातात आणि परत येत नाहीत. वाटेत नूडल्स लागतात." तिचे हात चालूच होते, ठक् ठक्. "आणि मी कशाला काळजी करू? माझी टेबलं भरलीत. दिसत नाही?"

तेवढ्यात तिथल्या टेबलावरचे सुथीनकाका, स्टेशनवरचे निवृत्त झेंडेवाले, ताटली लांब सारत म्हणाले, "थोंगसुक, रागावू नकोस. ह्या पेटीतल्या कोंबडीबरोबर तुझी पपई नुसती तिखट लागते. पूर्वी चव असायची."

"पूर्वी तुम्हाला दातही होते काका."

सगळे हसले, काकाही हसले. पण त्या दिवशी पुढच्या तीन ताटल्यांत ती मीठ घालायला विसरली. मी पाहत होते.

दोन महिने असे गेले. मग एका गुरुवारी मी बर्फाची लादी घेऊन एकसष्टला गेले. बुआखाय मावशी लादीकडे बघत म्हणाली, "रविवारपासून नको आणूस."

कोंबडीवालीनं बर्फ नको म्हणणं म्हणजे काय ते बर्फवालीला सांगावं लागत नाही. मी म्हणाले, "मावशी, थोडी कळ काढ. मी अर्ज करते, मोर्चा नेते."

"कुणावर नेतेस? नियम तर तुझाच." हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. तेच मला लागलं. "मालीच्या नवऱ्याच्या गावी जाते. त्यांची शेती आहे, बदकं आहेत. बदकं सांभाळीन. शेगडी भंगारवाल्याला सांगून ठेवलीय." मग जरा थांबून म्हणाली, "तीस वर्षं माझ्या हाताला धुराचा वास आहे. तो जाईल का गं धुऊन?"

 मी गाडी ढकलत फाटकाशी आले आणि माझा सगळा राग, जो खरं म्हणजे माझ्यावरच होता, तो थोंगसुक मावशीवर काढला. "रविवारपासून ती बसणार नाही! ऐकलंस? शेगडी भंगारात चाललीय! तुम्हा दोघींच्या नऊ वर्षांच्या अबोल्याला हार घाला आता!"

मुसळ थांबलं नाही. फक्त मिरच्या घालायच्या राहून गेल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, पाच सांगितल्या होत्या." तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

शुक्रवारी मी चार वाजता आवारात आले तर दोन नंबर रिकामा. सहा टेबलं भिंतीला उलटी रचलेली. मला वाटलं बाई आजारी पडली. मागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून धावले. थोंगसुक मावशी डाव्या काखेत उखळ, उजव्या हातात पपयांची पिशवी आणि गळ्यात गुंडाळी केलेल्या दोन चटया अशी एकसष्टसमोर उभी होती. घामानं चिंब. बुआखाय मावशी पेटत्या शेगडीत कोळसा घालत खाली बसलेली.

थोंगसुक मावशीनं उखळ जमिनीवर टेकवलं आणि म्हणाली, "सरक."

नऊ वर्षांनंतरचा हा पहिला शब्द.

बुआखाय मावशीनं वर पाहिलं. शेजारचा आप्पेवाला साच्यावर झाकण ठेवायचं विसरला. मग ती उठली. ओली पोती हाताला गुंडाळली, मला डोळ्यानं खुणावलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ती भलीमोठी शेगडी दोन वितींनी भिंतीकडे ढकलली. तेवढ्या जागेत उखळ बसलं. वाटेच्या कडेनं चटया पडल्या. 

त्या संध्याकाळी फाटकाशी आलेली माणसं दोन नंबरचा रिकामा चौकोन बघून गोंधळली. मी तिथं उभी राहून ओरडत होते, "मागं जा! संडासाच्या वळणानंतर! नाक धरा आणि मग सोडा!" माणसं गेली. सुथीनकाका तर काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. चटईवर गुडघे दुमडून बसले, चिकट भाताचा गोळा वळला, पपईत बुडवला, कोंबडीचा मऊ तुकडा तोडला, आणि डोळे मिटून घेतले. कुणीतरी विचारलं, "काका, काय झालं?" ते म्हणाले, "गप्प बस. मी स्टेशनवर आहे."

साडेसातला वीसही कोंबड्या संपल्या. बुआखाय मावशी सुरा पुसत मला म्हणाली, "रविवारी बर्फ आण. एक नको, दोन लाद्या."

मला नाचावंसं वाटलं, पण नाचले नाही. कारण जे झालं ते सरळसरळ कलम पाचच्या विरुद्ध होतं, आणि ते कलम कुणी लिहिलंय हे गावाला ठाऊक होतं.

सोमवारी विचियान साहेब आले. इस्त्रीचा सदरा, हातात कागद. भर गर्दीत, एकसष्टसमोर उभं राहून त्यांनी मोठ्यानं वाचलं, माझीच वाक्यं, माझ्याच थाटात. एका चौकोनात दुसरी बसलीय. दुसरीनं स्वतःचा चौकोन सोडलाय. दोन्ही जप्त. "ओंगबाई, बाजाराच्या पुढारी म्हणून तुमची सही लागेल. इथं."

 फाटकाजवळच्या काहीजणी पुढं सरकल्या होत्या, त्यांना दोन नंबर मोकळा होण्यात रस होता. त्यातली एक म्हणाली, "नियम तो नियम, ओंगताई. तूच शिकवलंस."

आयुष्यात मी खूपदा ओरडलेय. पण त्या दिवशी जे बोलायचं होतं त्याला आवाज पुरेना. मी गाडीवर चढले, बर्फाच्या तुसात उभी राहिले. "कलम पाच माझं आहे," मी म्हणाले. "ते चुकलं. मी चोर अडवायला गेले आणि शेजार मोडला. ज्यांना मी चोर म्हणत होते त्यांचं काही बिघडलं नाही, आणि जिनं कधी कुणाची काडीही घेतली नाही ती बदकं सांभाळायला निघाली होती. मी सही करणार नाही. हे कलम रद्द करा असा अर्ज मी आत्ता, ह्याच कागदाच्या पाठीवर लिहिते. ज्याला पटेल त्यानं अंगठा द्यावा. ज्याला नाही पटत त्यानं मला शिव्या द्याव्यात, आज मी उलट देणार नाही."

"फक्त आजच?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. त्या हशानं माझी लाज वाचवली असं नाही, पण हात लिहायला मोकळा झाला.

पहिला अंगठा थोंगसुक मावशीचा, माशाच्या पाण्यानं ओला, त्यामुळे शाई पसरली. मग आप्पेवाला, नूडल्सवाला, मासळीवाल्या. चौसष्टांतले एकेचाळीस झाले. बुआखाय मावशीपुढं कागद धरला तर तिनं मान हलवली. "मी काही मागितलं नाही. मी नाही देणार." असली हट्टी. मग तिनं साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलात का?"

आमच्याकडे हे कुणीही कुणालाही विचारतं, वैऱ्यालासुद्धा. पण साहेब खरोखरच जेवले नव्हते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते चटईवर बसले नाहीत. उभ्या उभ्या एक मांडी खाल्ली, मग भात मागितला, मग पपई. कागद काखेत धरल्यामुळे त्याला घामाचे आणि चरबीचे डाग पडले. जाताना म्हणाले, "एकसष्टचं मी वर बोलून बघतो. पण दोन नंबर मला वाचवता येणार नाही. तिनं तो रिकामा सोडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

आणि तसंच झालं. कलम पुढच्या महिन्यात रद्द झालं. लोकांनी हळूहळू आपापले शेजार शोधले, मासळी मासळीपाशी गेली, गोड गोडापाशी. पण फाटकाचा दोन नंबर थोंगसुक मावशीला परत मिळाला नाही. तिथं त्या विजेच्या पेटीवाल्याचा भाऊ येऊन बसला. अख्ख्या बाजारातला सगळ्यात मोक्याचा चौकोन तिनं घालवला होता, संडासाशेजारच्या अर्ध्या चौकोनासाठी.

जप्तीची चिठ्ठी मीच तिला आणून दिली. वाचून दाखवली. ती उखळात लिंबू पिळत होती. बिया काढल्या, फेकल्या, आणि मला म्हणाली, "नाहीतरी तिथं संध्याकाळचं ऊन डोळ्यावर यायचं."

बुआखाय मावशी काड्या उलटत होती. वर न बघता म्हणाली, "पत्र्याखाली कसलं गं ऊन?"

थोंगसुक मावशीचं मुसळ थांबलं. ती हळूच वळली. "तिरपं यायचं," ती म्हणाली. "तू कधी आलीस बघायला?"

"बोलावलंस कधी?"

चटईवरच्या एका गिऱ्हाइकानं दोन मांड्या मागितल्या. कुणी ऐकलं नाही. त्यानं परत मागितल्या, तर मी त्याला डोळे वटारून गप्प केलं.